आळशीवाडीच्या बरण्या

सोमवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन मी फोन उघडला, तर आळशीवाडीच्या बाराही बरण्यांतलं लोणचं कुणीतरी काढून नेलं होतं. बरण्या नव्यानं भरल्यासुद्धा होत्या. मी तारीख पाहिली. चौदा. परत एकदा पाहिली. मग बशी तिथंच ठेवून स्वयंपाकघरात धावले.

“आई, ताईकडे गोड बातमी आहे!”

आई चपात्या लाटत होती. “फोन आला व्हय तिचा? बोलायला लागली?”

“फोन नाही आला. मला कळलं.”

“कसं? स्वप्नात?”

“तसंच समज.”

“गप ए. असल्या बाबतीत मस्करी करू नये,” आई म्हणाली. पण तिचं लाटणं थांबलं होतं. “कशावरून म्हणतीस?”

तिला कसं सांगणार? ते ताईचं आणि माझं गुपित होतं, आणि आईला कळलं असतं तर तिनं दोघींची खरडपट्टी काढली असती. मी नुसतीच हसले.

आळशीवाडी म्हणजे आमचं शेत. खरं नव्हे, खेळातलं. आमच्या सात पिढ्यांत कुणाची गुंठाभर जमीन नव्हती. आई इस्लामपुरात बालवाडीच्या बाई, वडील मी दहावीत असताना गेले, आणि घरात आम्ही दोघी बहिणी, कल्याणीताई आणि मी, नेत्रा. ताई लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला करमेना. मग तिनंच हा खेळ शोधून काढला. दोघींनी मिळून एक शेत कसायचं, कुणीही केव्हाही जायचं. तिच्या बाहुलीला पिवळी टोपी, माझ्या बाहुलीला निळी. विहिरीजवळ एक पाटी होती, तिच्यावर एका वेळी एकच ओळ लिहिता यायची. दुसरी लिहिली की पहिली पुसली जायची.

त्या खेळात पैसा होता तो बरण्यांत. मुळा उपटून तसाच बाजारात नेला तर पस्तीस नाणी मिळायची. तोच बरणीत घालून चोवीस तास ठेवला की लोणचं व्हायचं आणि सव्वाशेला जायचं. फळ घातलं की मुरंबा. मीठ नको, तेल नको, उन्हात ठेवणं नको. बुरशी हा प्रकारच नव्हता. ताई म्हणायची, “आईला दाखवू नको, तिचा देवावरचा विश्वास उडेल.”

कारण खऱ्या लोणच्याच्या बाबतीत आमची आई म्हणजे देऊळच. तिची एक चिनी मातीची बरणी होती, पांढरी, वर तपकिरी गळा. त्या बरणीला ओला हात लागायचा नाही, उष्टा हात लागायचा नाही, आणि चार दिवसांत तर सावलीसुद्धा पडायची नाही. ताई तेरा वर्षांची असताना तिनं अडचणीत असताना चोरून लोणच्याची फोड काढली. त्या वर्षी अवकाळी दमट हवा होती, पंधरा दिवसांत बरणीत बुरशी धरली. आईनं सगळं लोणचं उकिरड्यावर ओतलं आणि ताईशी आठवडाभर बोलली नाही.

तर खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात ताईनं पाटीवर लिहिलं, “अडचण आली. चार दिवस बरण्या तुझ्याकडे.” मी लिहिलं, “अगं बाई, खेळातल्या बरण्यांना कसला विटाळ?” ती म्हणाली, “बुरशी धरली तर आई मला इथं येऊन धरेल.” मस्करीच होती ती. पण दर महिन्याला पाटी यायची, मी चार दिवस बरण्या सांभाळायची, आणि पुढं पुढं पाटी लिहायचीही गरज उरली नाही. ताईचा महिना घड्याळासारखा होता. अठ्ठाविसाव्या दिवशी ती बरण्या सोडायची, पाचव्या दिवशी परत धरायची. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

गेल्या महिन्यात सोळा तारीख होती. आता चौदा आली, आणि पिवळी टोपी खुशाल बरण्यांत हात घालत होती. याचा दुसरा अर्थ काय असणार?

शिवाय ताईशी बोलणं होऊन तीन आठवडे झाले होते. तिचा घसा बसला होता. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आईला फोन करून सांगितलं होतं, “डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. मेसेज करेल ती.” ओजस त्यांचं नाव. घरूनच काम करायचे, बोलायला गोड, आईला वाकून नमस्कार करायचे. ताईनं फोन स्पीकरवरच ठेवून बोलावं असा त्यांचा आग्रह असायचा. “मलाही ऐकू दे की सासूबाईंचा आवाज,” म्हणायचे. एकदा ताई माहेरी आली तेव्हा तिच्या मनगटाला पट्टी होती. कुकरची वाफ, ती म्हणाली. मी विचारलं, “खरंच?” तर म्हणाली, “नेतू, बरण्या वेळेवर काढत जा तू. मी रोज सकाळी काढते की नाही? मग.” तेव्हा मला ते बोलणं विषय बदलल्यासारखं वाटलं होतं. एवढंच कळलं की रोज सकाळी बरण्या निघाल्या म्हणजे ताई बरी आहे.

आणि त्या तीन आठवड्यांत बरण्या रोज निघत होत्या. पाटीवर “नेतू, कशी आहेस” असायचं. उलट ताई जरा जास्तच हुशार झाली होती. तिनं सगळे छोटे वाफे मोडून नुसता लाल भोपळा लावला होता, ओळीनं, कारण भोपळ्याच्या बरणीला सगळ्यांत जास्त भाव मिळायचा. मी लिहिलं होतं, “काय गं सावकारीणबाई!” तिनं नुसतं “हो” लिहिलं होतं.

सोमवारी दुपारी आईला राहवलं नाही. तिनं ताईला मेसेज केला: “चि. कल्याणी, आईपासून काही लपवतीस का? गोड बातमी असेल तर कळव.” अर्ध्या तासात उत्तर आलं: “हो आई. एवढ्यात कुणाला सांगू नकोस.”

आई देवापुढं साखर ठेवून आली. मग डोळे पुसले. मग बाजारातून डिंक, खारीक आणि खोबरं घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी लाडू वळायला बसली. मी तिच्याशेजारी बसून चिवचिवत होते, मावशी होणार म्हणून. तो मंगळवार मला अजून आठवतो. इतका आनंद मला नंतर बऱ्याच वर्षांत झाला नाही, आणि त्या आनंदाची मला अजून शरम वाटते.

बुधवारी दुपारी कॉलेजमधून आले, कॉटवर आडवी झाले आणि आळशीवाडीत गेले. पिवळी टोपी तिथंच होती, भोपळे तोडत. मला जोर चढला. मी पाटीवर लिहिलं, “आता नऊ महिने बरण्या तुझ्याकडेच!”

ताई असती तर तिला हसू आवरलं नसतं. पिवळी टोपी विहिरीपाशी आली. थांबली. बराच वेळ थांबली. मग पाटी बदलली.

“म्हणजे?”

मला वाटलं, गंमत करतेय. मी लिहिलं, “आता चार दिवस सुट्टी बंद ना तुझी!”

“कसली सुट्टी? बरण्या रोज मीच काढते.”

मी उठून बसले. ताई विसरेल? आपलीच गंमत, दोन वर्षांची? मी शेतावर नजर फिरवली. कितीतरी दिवस मी तिथं जात होते, पण नीट बघत नव्हते. कुंपणावर ताईनं कारल्याचे वेल चढवले होते. कारल्याच्या लोणच्याला कुत्रं विचारायचं नाही, भाव सगळ्यांत कमी, पण आईला कारलं आवडतं म्हणून ताई लावायची आणि दर वेळी एक बरणी न विकता झोपडीत ठेवायची. “ही आईची,” म्हणायची. वेल उपटून टाकले होते. मी झोपडीत गेले. फडताळात आईच्या तेवीस बरण्या होत्या. आता एकही उरली नव्हती. सगळ्या विकल्या होत्या.

मी फडताळासमोर उभी असतानाच मागचं दार उघडलं आणि पिवळी टोपी आत आली.

खेळातल्या बाहुल्यांना चेहरा म्हणून दोन ठिपके असतात. ते दोन ठिपके माझ्याकडे वळून थांबले. मी बाहेर पडले. ती बाहेर आली. मी विहिरीकडे गेले. ती मागून आली. मी मुळ्याच्या उरल्यासुरल्या वाफ्याकडे वळले, ती वळली. भर दुपार होती, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि ते दोन ठिपके माझी पाठ सोडत नव्हते.

पाटीवर नवी ओळ आली.

“तुला काय म्हणायचंय नेत्रा?”

ताईनं मला जन्मात कधी नेत्रा म्हटलं नव्हतं. मी नेतू, नाहीतर नेत्ये, नाहीतर गाढवे.

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक, पिवळ्या टोपीमागं ताई नव्हती. दुसरी, जो कोणी होता त्याला शंका आली होती. फोन फेकून द्यावासा वाटला. पण मी निघून गेले तर त्याची खात्री पटली असती, आणि मग ताईचं काय? ताई कुठे होती? तीन आठवडे ती कुठे होती?

मी मुळे उपटायला लागले. एकेक करून. अंगठे तीनदा चुकीच्या जागी लागले. पिवळी टोपी शेजारी उभीच. मी पाटीवर लिहिलं, “काही नाही गं, आमच्या वर्गातली एक जुनी मस्करी. तुला कशाला सांगत बसू. भोपळे मस्त आलेत.” आणि परत मुळे. दहा मिनिटं मी त्या माणसाशेजारी मुळे उपटत होते. शेवटी “क्लासला जाते” लिहिलं आणि बाहेर पडले. शर्ट पाठीला चिकटला होता.

आई चार वाजता आली. मी दारातच तिला धरलं.

“आई, ताई फोनवर नाहीये. दाजी आहेत. तिच्या नावानं तेच लिहितात.”

“वेड लागलं का तुला?” आईनं पिशवी खाली ठेवली. “परवाच कळवलंय तिनं, हो म्हणून.”

“ते तिनं नाही कळवलं!”

“मग कुणी? जावई बायकोच्या नावानं सासूला गोड बातमी देतोय? कसल्या खेळातलं कसलं काय घेऊन बसलीयस. घसा बसलाय तिचा, मन रमवतीय बिचारी.”

मग मी सगळं सांगितलं. चार दिवसांचं, बरण्यांचं, तारखेचं. आई ऐकत होती, आणि मी बोलत गेले तसा तिचा चेहरा रागानं लाल होईल म्हणून वाट बघत होते. तो लाल झाला नाही. ती हळूच खाली फरशीवर बसली.

“ती अजून पाळते ते?” तिनं विचारलं.

“मस्करीत गं. खेळात.”

“त्यात तिला मस्करी जमायची नाही.” आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. “ते लोणचं टाकलं त्या दिवशी ती उकिरड्यापाशी उभी राहून रडत होती. हात धुतले तिनं, साबणानं, पाच-सहा वेळा. मी बघितलं होतं, आणि जवळ गेले नव्हते.” मग म्हणाली, “कल्याणीनं पाळलं नाही असं होणारच नाही. लोणच्याला दुसऱ्या कुणाचातरी हात लागतोय.”

“पोलिसांत जाऊया?”

“काय सांगायचं? मुलगी खेळात भोपळे लावतीय म्हणून? आधी माझ्या डोळ्यांनी बघते. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. त्याला कळवायचं नाही.”

आणि ती उठली, फळीवरची चिनी मातीची बरणी खाली काढली, तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं आणि वरून दोरी आवळली. “लेकीकडे जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं,” ती म्हणाली. पण ती बरणी आजवर कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

गाडीत आईनं बरणी मांडीवर धरली होती, माणसाला धरावं तशी. साताऱ्याजवळ माझा फोन थरथरला. आळशीवाडीतून निरोप होता. मी उघडलं. बरण्या आजही काढलेल्या होत्या. चौथा दिवस. पाटीवर ओळ होती, “आज सकाळी आली नाहीस. कुठे आहेस?”

मी आईला दाखवलं. ती म्हणाली, “कॉलेजात परीक्षा आहे म्हण.” मी तसं लिहिलं. लगेच उत्तर आलं, “ऑल द बेस्ट.” खंबाटकीच्या घाटात मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले आणि सारखं एकच मनात येत होतं, की सोमवारी कळलं असतं तर सोमवारीच निघालो असतो. दोन दिवस आम्ही लाडू वळले.

ताईचं घर सातव्या मजल्यावर. फाटकावरच्या बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं. आई हसून म्हणाली, “लेकीला अचानक गाठायचंय, वर फोन नका करू हं.” हसली, पण लिफ्टमध्ये तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

दार दाजींनीच उघडलं. घरातले कपडे, दाढी केलेली, कपाळावर एक आठी. ती क्षणात गेली.

“अरे, आई! कळवायचं तरी.” ते वाकून पाया पडले, पण दारातून बाजूला झाले नाहीत. “नेत्राची परीक्षा होती ना आज?”

हे बोलून आपण सापडलो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. त्यांच्या खांद्यावरून मला सोफ्यावरचा टॅब दिसत होता, आणि त्यात आळशीवाडीचे भोपळे.

“कल्याणी कुठाय?” आईनं विचारलं.

“झोपलीय. रात्रभर बरं वाटत नव्हतं. आत्ताच डोळा लागलाय. तुम्ही असं करा, खाली एक चांगलं हॉटेल आहे, जेवून घ्या, तोवर मी उठवतो तिला.”

“बरं बरं, झोपू द्या,” आई म्हणाली. मला वाटलं ही परत फिरतेय. पण आईनं बरणी पुढं केली. “एवढं लोणचं द्यायचं होतं. पण ते तिच्याच हातात द्यायला हवं. आमच्याकडे तशी रीत आहे.”

असली कुठलीही रीत आमच्याकडे नव्हती.

“द्या ना, मी ठेवतो.”

“तुम्हाला कसं देऊ? दोन मिनिटं येऊन हात लावू दे तिला. नाहीतर मग...” आई घुटमळली, बालवाडीतल्या पोराला खडूची चोरी विचारताना घुटमळते तशी. “तिची काही अडचण असली तर मात्र शिवायचं नाही. मग मी आपली परत नेते बापडी.”

दाजींचा चेहरा सैल झाला. सुटका दिसली त्यांना.

“तेच ना आई. मला सांगायला संकोच वाटत होता. सोमवारपासून अडचणच आहे तिला. म्हणून तर झोपून आहे.”

“सोमवारपासून,” आई म्हणाली.

“हो, सोमवारी सकाळपासून.”

ते खरं होतं. त्या सबंध महिन्यात त्यांनी सांगितलेली तेवढी एकच गोष्ट खरी होती. आणि सोमवारी दुपारीच त्यांनी ताईच्या नावानं आईला गोड बातमी कळवली होती. त्यांचं त्यांना आठवायला एक क्षण लागला. मी त्यांचे डोळे बघितले. ते बरणीवरून आईकडे आले आणि त्यांचा हात दाराच्या कडेला गेला.

आईनं ती बरणी दोन्ही हातांनी डोक्याएवढी वर उचलली आणि उंबऱ्यावर आपटली.

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. सातव्या मजल्यापासून तळापर्यंत तो घुमत गेला. दार बंद होईना, कारण खापऱ्या आणि फोडी मधे आल्या होत्या. तेल त्यांच्या पायांवर उडालं. आणि आई ओरडायला लागली, पन्नास पोरांना एका दमात गप्प करणाऱ्या आवाजात, “कल्याणी! अगं कल्याणी! मी आलेय गं!”

समोरचं दार उघडलं. बाजूचं उघडलं. वरून कुणीतरी धावत आलं. दाजी म्हणत होते, “काही नाही, काही नाही, यांचं डोकं जरा...” आणि मी त्यांच्या हाताखालून आत घुसले.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवीन कडी, लाकडाचा भुसा अजून खाली पडलेला. ती काढताना माझं नख तुटलं.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. डोळ्याभोवतीचं काळं-निळं पिवळं पडत चाललं होतं. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, कोपराखाली वाकडाच बसलेला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर, “आज कितवा दिवस?”

“चौथा,” मी म्हणाले.

“उशीर केलास गाढवे,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

पोलीस आले, शेजारच्या बाईंनीच बोलावले. पुढचं सगळं झालं, केस झाली, फारकत झाली, त्याला दोन-अडीच वर्षं गेली, ते इथं सांगत नाही. संध्याकाळी इस्पितळात हाताचा फोटो काढून झाल्यावर ताईनं मला जवळ बोलावलं. आई औषधं आणायला खाली गेली होती.

“त्यानं मारलं, मग दोन दिवसांनी भानावर आला,” ती सांगत होती. “सूज उतरेपर्यंत कुणाला दिसायला नको म्हणाला. फोन घेतला, टॅब घेतला. मी म्हटलं, खेळात एक दिवस गेले नाही तर नेतू विचारेल. तर म्हणाला, शिकव मला. मी शिकवलं. सगळं खरं खरं शिकवलं नेतू. बरण्या कधी काढायच्या, भाव कशाला मिळतो, पाटीवर तुला काय म्हणायचं. एक जरी खोटं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, माझ्या तोंडाकडे बघून कळायचं त्याला. फक्त चार दिवसांचं सांगितलं नाही. त्यानं विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही.”

मी तिची उशी सारखी केली.

“मग मी मोजत बसले. सोळा तारखेपासून अठ्ठावीस. भिंतीवर नखानं रेघा मारायचे. एकच भीती होती, की या मारानं, या धसक्यानं माझा महिना चुकला तर? तर तुला कळणारच नाही. सोमवारी पोटात दुखायला लागलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसून हसले. आणि मग मंगळवार गेला, बुधवार गेला.”

“मला वाटलं, गोड बातमी आहे,” मी म्हणाले. “आईनं डिंकाचे लाडू वळले.”

ताईनं डोळे मोठे केले. मग तिला हसू फुटलं, आणि बरगड्यांत कळ आली म्हणून ती हसत हसतच कळवळली. “आण की मग,” ती म्हणाली. “फुकट कशाला घालवायचे?”

पुढच्या मे महिन्यात आईनं नवी बरणी आणली. काचेची, प्लॅस्टिकच्या झाकणाची, तिला अजिबात न आवडणारी. कैऱ्या फोडून, हळद-मीठ लावून ठेवल्या होत्या. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, सगळं परातीत काढलेलं. ताई उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून आमच्याकडे बघत होती. डावा हात तिचा अजून पूर्ण वळत नव्हता.

“ये की आत,” आई म्हणाली. “मसाला कालवायचाय.”

“मला आजच आलीय, आई.”

आईनं हात पुसले. मग उठली, ताईचा उजवा हात धरून तिला आत आणलं, पाटावर बसवलं आणि तो हात मनगटापर्यंत मसाल्यात ठेवला.

“कालव,” ती म्हणाली.

“अगं, त्या नियमानंच वाचले मी,” ताई म्हणाली. “आणि तूच मोडतीस?”

“त्याचं काम झालं,” आई म्हणाली, आणि तेल तापत ठेवायला वळली. तिचे खांदे हलत होते. ताई कालवत राहिली, बोटं पिवळी होईपर्यंत.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या वर्षीच्या लोणच्याचं सांगायचं, तर दर रविवारी मी आईची नजर चुकवून फळीवरून बरणी काढायची, झाकण उघडून उजेडात धरायची, आणि काठाशी कुठं पांढरं दिसतं का ते बघायची. एकदा झाकण उघडतानाच मागून आई आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं माझ्या हातातून बरणी घेतली, स्वतः उजेडात धरली, आणि बराच वेळ बघून म्हणाली, “काही नाही झालेलं. ठेव वर.”